मलिक अंबर व त्याचे घराणे

मनुष्याचा जन्म कोणत्या घरी व्हावा हे त्याच्या हाती नसते. जन्मास आल्यावर काय करावे हे मात्र पुष्कळ अंशी त्याच्या हाती असते. सूताच्या घरी वाढला म्हणून भर सभेत हिणवल्या गेलेल्या कर्णाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु कर्ण हा महाभारतातला. आपल्याच दक्षिणेच्या इतिहासात त्याहूनही खालच्या पायरीवरून वर चढलेला एक पुरुष होऊन गेला. त्यास कुळ नव्हते, देश उरला नव्हता, आणि आईबापांनी ठेवलेले नावही त्याच्यापाशी राहिले नव्हते. त्याचे नाव मलिक अंबर. त्याचे चरित्र व त्याच्या घराण्याची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

मंद्रूपकरांस हा पुरुष अगदीच परका नव्हे. आपले गाव सोलापुराहून विजापुरास जाणाऱ्या वाटेवर आहे. ह्या मुलखाच्या एका अंगास अहमदनगरची निजामशाही व दुसऱ्या अंगास विजापूरची आदिलशाही, आणि दोहोंच्या मध्ये सोलापूरचा भुईकोट किल्ला, अशी सुमारे चारशे वर्षांपूर्वी, किंबहुना त्याच्याही आधी, स्थिती होती. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी आज शांतपणे उभ्या असलेल्या त्या तटांसाठी दोन्ही राज्यांनी पिढ्यान् पिढ्या रक्त सांडले. निजामशहाची कन्या चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली, तेव्हा हाच किल्ला आंदण म्हणून विजापूरकरांकडे गेला. पुढे इ. स. १६२५ मध्ये तो पुन्हा निजामशाहीकडे आणणारा वृद्ध सेनापती म्हणजेच मलिक अंबर होय.

अंबराचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे हल्लीच्या इथिओपिया देशात झाला. त्याचे मूळ नाव चापू असे होते. त्या काळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांचा बाजार भरत असे. दारिद्र्यामुळे विकलेली किंवा लढाईत पकडलेली मुले अरबस्तानात व तेथून पुढे देशोदेशी जात. चापू लहानपणीच ह्या बाजारात सापडला. हातोहात विकला जाऊन तो अखेर बगदादच्या मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याकडे आला. मुलाची बुद्धी पाहून ह्या धन्याने त्यास लिहिणेवाचणे शिकविले, इस्लाम धर्माची दीक्षा दिली व अंबर हे नवे नाव दिले. दास म्हणून विकत घेतलेल्या पोरास शिकविण्याची त्या व्यापाऱ्यास काही गरज नव्हती. पण त्याने शिकविले, आणि त्या विद्येचे फळ पुढे एका राज्यास मिळाले.

ह्यानंतर अंबर दक्षिणेत आला. निजामशहाचा पेशवा चंगीझखान ह्याने त्यास विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः हबशी असून एके काळी दासच होता. त्याच्यापाशी असे सुमारे एक हजार हबशी दास होते. दक्षिणेतील ही दासप्रथा कशी चाले, हे थोडे समजून घेतले पाहिजे. येथील सुलतानांस आपल्या सरदारांची भीती वाटे. कारण प्रत्येक सरदारामागे त्याचे भाऊबंद, त्याचे गाव व त्याचे वतन असे. परदेशातून आणलेल्या दासास मात्र धन्यावाचून दुसरे कोणी नसे. म्हणून त्याच्या हाती शस्त्र देत, विश्वासाची कामे देत. धनी मरण पावला किंवा त्याने मुक्त केले, म्हणजे असा दास स्वतंत्र शिपाई होई, आणि कर्तृत्व असल्यास सरदारही होई. प्रथा क्रूर होती ह्यात संशय नाही. ज्यांस वर चढता आले ते थोडे, आणि चिरडले गेले ते असंख्य. पण वर चढण्यास एक अरुंद वाट होती, आणि अंबराने ती धरली. चंगीझखानाच्या पदरी राहून तो राज्यकारभार, फौजेची व्यवस्था व दरबारातील डावपेच पाहून शिकला. त्याचबरोबर राजाचा संशय म्हणजे काय, हेही त्याने पाहिले. कारण चंगीझखान हा निष्ठावान पेशवा राजाच्या संशयास बळी पडून इ. स. १५७५ च्या सुमारास मरण पावला.

धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. त्याने विवाह केला. त्याच्या पत्नीचे नाव करीमा. पुढची सुमारे वीस वर्षे तो पोटासाठी चाकरी करणारा साधा शिपाई होता. काही काळ तो विजापूर दरबारी राहिला, आणि तेथेच त्यास मलिक ही पदवी मिळाली असे सांगतात. मनासारखे न घडल्यामुळे इ. स. १५९५ च्या सुमारास अवघे दीडशे स्वार घेऊन तो पुन्हा निजामशाहीत परतला. तेव्हा त्याचे वय सत्तेचाळिसाच्या घरात होते. ह्या वयात पुष्कळ लोक आपले आयुष्य संपत आले असे समजून स्वस्थ बसतात. अंबराचे खरे आयुष्य येथून पुढे सुरू झाले.

तो काळ निजामशाहीच्या संकटाचा होता. अकबर बादशहाच्या फौजा दक्षिणेत उतरल्या होत्या. विधवा चांदबिबी विजापुराहून माहेरी परतली होती, आणि इ. स. १५९५-९६ च्या वेढ्यात तिने अहमदनगरचा किल्ला शौर्याने राखला. परंतु इ. स. १६०० मध्ये घरच्याच लोकांनी तिचा घात केला, किल्ला मोगलांच्या हाती पडला व बालराजा ग्वाल्हेरच्या तुरुंगात गेला. राजधानी गेली, राजा गेला, आता निजामशाही बुडालीच असे सर्वांस वाटले. अंबरास मात्र तसे वाटले नाही. त्याने राजघराण्यातील एका तरुणास शोधून काढले आणि परांड्याच्या किल्ल्यात त्यास मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसविले. आपल्या सोलापुरापासून फार दूर नसलेल्या त्या परांड्यात एक बुडालेले राज्य पुन्हा उभे राहिले, आणि ते उभे करणारा एके काळचा विकत घेतलेला दास होता.

ह्याच नव्या राजास अंबराने आपली मुलगी दिली. ज्याच्या बालपणी त्याचीच किंमत बाजारात ठरली, त्याची कन्या आता राजाच्या वाड्यात गेली. अंबरास दोन मुलगेही होते. थोरला फत्तेखान व धाकटा चंगीझखान. धाकट्यास आपल्या जुन्या धन्याचे नाव देण्यात अंबराने कृतज्ञताच दाखविली असावी. थोरल्यासाठी त्याने याकूतखान नावाच्या बड्या हबशी सरदाराची मुलगी केली. अशा रीतीने, ज्यास स्वतःचे असे कोणी नव्हते, त्याने सोयरिकी जोडून आपले घराणे उभारले.

पण राजवाड्यातील सोयरिक ही दुधारी तलवार असते. त्या काळी दक्षिणेत आलेल्या एका डच व्यापाऱ्याने पुढील हकीकत टिपून ठेवली आहे. राजाची दुसरी एक राणी इराणी वंशाची होती. तिने अंबराच्या मुलीस दासाची पोर म्हणून हिणविले व अंबरासही नावे ठेवली. मुलीने हा अपमान बापास कळविला. राजाही अंबराच्या वर्चस्वास कंटाळून त्याच्याविरुद्ध कट करू लागलाच होता. इ. स. १६१० मध्ये राजा व ती राणी ह्या दोघांस विषप्रयोग झाला, आणि अंबराने राजाच्या लहान मुलास गादीवर बसवून सारी सत्ता आपल्या हाती घेतली. ही हकीकत सांगताना आम्हांस आनंद होत नाही. परंतु थोर पुरुषाचे चरित्र सांगताना त्याच्या हातून घडलेले वाईट कृत्य लपविणे हे वाचकांची फसवणूक करण्यासारखे आहे. अंबर पराक्रमी होता, न्यायी होता, पण निष्कलंक नव्हता. आणि ह्या एका कृत्याचे बीज पुढे त्याच्याच घरात कसे उगवले, ते आपणांस लवकरच दिसेल.

आता त्याच्या थोरवीकडे वळू. इ. स. १६१० मध्ये अहमदनगर परत घेतल्यावर त्याने दौलताबादेजवळील खडकी नावाच्या लहानशा गावी नवे शहर वसविले. तो भाग पाण्याच्या दृष्टीने कठीण. अंबराने डोंगराच्या बाजूने जमिनीखालून पाणी आणण्याची योजना केली. भुयारी कालवे, खापरी नळ व मधून मधून हवेचे उच्छ्वास, अशी ती रचना होती. मोट नाही, रहाट नाही. केवळ जमिनीच्या उताराने पाणी शहरात यावे, असा हिशेब होता. ही गोष्ट व्हावयाची नाही, असे म्हणून दरबारातील काही विद्वानांनी त्याची थट्टा केली. पण पाणी आले. नहरे-अंबरी ह्या नावाने ती नहर प्रसिद्ध आहे. मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून बांधलेला भडकल दरवाजाही त्याच शहरात आजपर्यंत उभा आहे.

शेतकऱ्यांसाठी त्याने केलेले काम तर ह्याहूनही मोठे आहे. पूर्वी महसूल वसूल करण्याचा मक्ता देत असत. मक्तेदार सरकारात ठरीव रक्कम भरी आणि रयतेपासून मन मानेल तेवढे उकळी. अंबराने ही पद्धत मोडली. जमिनीची प्रत व तिचे सरासरी उत्पन्न पाहून त्यावर सारा ठरविला. प्रथम पिकाच्या पाच हिश्शांपैकी दोन हिस्से धान्यरूपाने घेत. पुढे त्याऐवजी रोख रक्कम ठरली, ती पिकाच्या किमतीच्या सुमारे एकतृतीयांश असे. वसुलीचे काम परक्या मक्तेदाराकडून काढून गावच्या पाटलाकडे दिले. आपणांस काय द्यावयाचे हे शेतकऱ्यास आधी ठाऊक झाले, म्हणजे उरलेले आपले, ह्या भरवशावर तो नांगर घालतो. उत्तरेत तोडरमल्लाने जे केले, तेच दक्षिणेत अंबराने केले. मलिकंबरी धारा हे नाव लोकांच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या राहिले, आणि पुढे पुणे जहागिरीची घडी बसविताना शहाजी-शिवाजींच्या कारभाऱ्यांनीही हाच धारा पुढे चालविला.

युद्धातही त्याची दृष्टी अशीच व्यवहारी होती. मोगलांपाशी मोठ्या तोफा, हत्ती व अफाट फौज. उघड्या मैदानात त्यांच्याशी गाठ घालणे म्हणजे आत्मनाश, हे त्याने ओळखले. म्हणून त्याने मराठ्यांच्या हलक्या घोडदळावर भिस्त ठेवली. शत्रूच्या मागेपुढे घिरट्या घालाव्या, रसद तोडावी, वैरण जाळावी, रात्री छापे घालावे व दिवस उगवताच डोंगरात नाहीसे व्हावे, ह्या गनिमी काव्याने त्याने मोगल सेनापतींस वर्षानुवर्षे जेरीस आणले. इ. स. १६१० च्या सुमारास आलेल्या विल्यम फिंच नावाच्या इंग्रज प्रवाशाने त्याच्या सैन्यात दहा हजार हबशी व चाळीस हजार दक्खनी असल्याचे लिहून ठेवले आहे. शिपाई कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे न पाहता त्याच्या हातचे काम पाहणारा तो सेनापती होता. त्याच्या छायेत जे मराठे सरदार वाढले, त्यांत भोसल्यांचे घराणे होते. शहाजीराजांचे उमेदीचे दिवस ह्याच पाठशाळेत गेले.

त्यास पराभव आले नाहीत असे नाही. इ. स. १६१६ मध्ये त्याचे काही सरदार फुटले, रोशनगावच्या लढाईत त्याचा मोड झाला व मोगलांनी खडकी जाळून टाकली. त्याने ती पुन्हा बांधली. १६१७ व १६२१ मध्ये शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, मोठी फौज घेऊन आला तेव्हा अंबरास किल्ले व मुलूख सोडून द्यावा लागला. मोगलांची पाठ फिरताच तो पुन्हा उठला. जहांगीर बादशहा आपल्या आत्मचरित्रात त्याचा उल्लेख त्याच्या वर्णावरून हिणवल्यावाचून करीत नाही. बादशहाचा चित्रकार अबुल हसन ह्याने तर एक चित्र काढले, त्यात जहांगीर भाल्याच्या टोकावरील अंबराच्या शिरास बाण मारीत आहे. प्रत्यक्ष रणांगणावर जे साधले नाही, ते कागदावर साधून घेतले, एवढाच त्याचा अर्थ.

अंबराचा सर्वांत मोठा विजय त्याच्या पंचाहत्तरीच्या सुमारास, इ. स. १६२४ मध्ये, भातवडीस झाला. मोगल व विजापूरकर एक होऊन त्याच्यावर चालून आले होते. अंबर मागे हटत हटत अहमदनगरजवळील भातवडीच्या तळ्यापाशी आला. त्याने तळ्याचा बांध फोडला. वाटा चिखलाने भरल्या आणि शत्रूची फौज जागच्या जागी अडकली. रसद तुटल्यामुळे उपाशी शिपाई तिकडून पळून अंबराच्या छावणीत येऊ लागले. मग त्याने अचानक हल्ला करून दोन्ही फौजांचा धुव्वा उडविला. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी पडला. शहाजीराजांनी ह्या लढाईत नाव मिळविले. त्यांचे बंधू शरीफजी मात्र येथेच कामास आले. शत्रूच्या बाजूस शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव होते, ह्यावरून त्या काळची घरे कशी दुभंगली होती ते ध्यानी येईल. ह्यानंतर अंबराने थेट विजापुरापर्यंत धडक मारली, इब्राहीम आदिलशहाने हौसेने वसविलेले नवरसपूर उद्ध्वस्त केले, आणि पुढे सोलापूरचा किल्ला जिंकून घेतला.

इ. स. १६२६ च्या मे महिन्यात, अठ्ठ्याहत्तरीच्या सुमारास, मलिक अंबर मरण पावला. खुलताबादेस त्याची कबर आहे, व जवळच बिबी करीमेची. त्याच्या मृत्यूनंतर मोगल दरबारच्या इतिहासकारानेही लेखणी वळवून लिहिले की युद्धात, कारभारात व न्यायात त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता, आणि दासाने एवढी योग्यता मिळविल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही. शत्रूने, आणि तीही मेल्यावर, दिलेली अशी साक्ष फार थोड्यांच्या वाट्यास येते.

बापामागे फत्तेखान पेशवा झाला. त्यास काय कमी होते? पदवी आयती, फौज आयती, खजिना आयता, आणि बापाचे नाव. तो सरदाराचा मुलगा होता. बाजारात उभे राहणे काय असते, धन्याच्या घरी भाकरीसाठी थांबणे काय असते, दीडशे स्वारांनिशी नशीब काढणे काय असते, हे त्यास ठाऊक नव्हते. बापाने वसविलेल्या खडकीस त्याने लगोलग आपले नाव देऊन तिचे फत्तेनगर केले. मग गर्विष्ठपणामुळे त्याचे सरदारांशी बिनसले. इकडे गादीवर बसविलेला बालराजा आता मोठा झाला होता. त्याने फत्तेखानास कैदेत टाकले. ह्याच राजाच्या दरबारात इ. स. १६२९ मध्ये लखुजी जाधवराव व त्यांचे पुत्र मारले गेले, आणि शहाजीराजे निजामशाही सोडून गेले. मोगल जवळ आले तेव्हा घाबरून राजाने फत्तेखानास सोडले व पुन्हा पेशवा केले. सुटताच फत्तेखानाने राजाचा वध केला आणि त्याच्या जागी एक लहान मूल बसविले.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल की, इ. स. १६१० मध्ये बापाच्या काळी जे घडले, तेच येथे मुलाने पुन्हा केले. पण बापाने त्या पापानंतर निदान राज्य राखले, रयतेस सुखी केले. मुलाने बापाची कर्तबगारी उचलली नाही. तेवढे एक दुष्कृत्य मात्र अचूक उचलले. पुढे तो आज मोगलांकडे, उद्या विजापूरकरांकडे, असा हेलकावे खात राहिला. इ. स. १६३३ मध्ये महाबतखानाने दौलताबादेस वेढा घातला. किल्ल्यात अन्न उरले नाही. फत्तेखानाने द्रव्य घेऊन तो अभेद्य किल्ला व तो बालराजा मोगलांच्या स्वाधीन केला. राजा ग्वाल्हेरीस गेला, आणि मलिक अंबराच्या वारसाने उरलेले आयुष्य लाहोरास बादशहाच्या तनख्यावर काढले. धाकटा चंगीझखानही मोगलांच्याच चाकरीत गेला. बापाने ज्या सत्तेशी पंचवीस वर्षे झुंज दिली, तिच्या दाराशी दोन्ही मुले जाऊन उभी राहिली. बापाच्या मृत्यूस तेव्हा पुरती आठ वर्षेही झाली नव्हती.

मग अंबराचा खरा वारस कोण? फत्तेखानाने दौलताबाद सोडले त्याच साली शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातील एक मूल शोधून काढले, पेमगिरीच्या किल्ल्यावर त्यास गादीवर बसविले, आणि शहाजहान व आदिलशहा ह्या दोघांच्या फौजांशी तीन वर्षे झगडत इ. स. १६३६ पर्यंत ते राज्य तगविले. परांड्यास अंबराने जे केले होते, तेच पेमगिरीस शहाजीराजांनी केले. दोघांमध्ये रक्ताचे नाते नव्हते, धर्म एक नव्हता, भाषाही एक नव्हती. पण एकाने जे करून दाखविले, ते दुसऱ्याने डोळे उघडे ठेवून पाहिले होते. गुणाचा वारसा रक्तातून आपोआप उतरत नाही, तो शिकावा लागतो, हे ह्या एका उदाहरणावरून जितके स्पष्ट दिसते, तितके दुसऱ्या कशावरून क्वचितच दिसेल.

नगराची गोष्टही अशीच बोलकी आहे. मुलाने दिलेले फत्तेनगर हे नाव टिकले नाही. औरंगजेबाने त्याचे औरंगाबाद केले, इ. स. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झाले. वेशीवरची नावे अशी बदलत गेली. पण त्या नगराखालून जी नहर खणली गेली, तिचे नाव अजून नहरे-अंबरी असेच आहे. ते कोणी हुकूम काढून ठेवलेले नाही, लोकांनीच ठेवले आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणाचे घर मोठे असेल, कोणाचे लहान. कोणी रोज कोसभर पायी चालत शाळेस येत असेल, कोणाच्या घरी शिकलेले माणूसच नसेल. ह्यांपैकी कोणतीही गोष्ट तुमच्या पुढच्या आयुष्याचा शेवटचा निकाल देत नाही. आणि पालकांसही आमचे एवढेच नम्र सांगणे आहे की, मुलांसाठी जमीनजुमला व पैसाअडका ठेवणे हे आपले कर्तव्यच आहे. पण अंबराने मुलास राज्य देऊनही ते त्याच्या हाती राहिले नाही. बगदादच्या एका व्यापाऱ्याने परक्या पोरास चार अक्षरे शिकविली, ती मात्र जन्मभर त्याच्या कामास आली. आपण मुलांस काय देत आहो, ह्याचा हिशेब करताना ही गोष्ट ध्यानी असावी.